कपाटातली कवळी

जयराज,

तुझ्या आईला घेऊन साताऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे निघालो आहे. कवळी ढिली झाली म्हणून तू ती आठ महिने कपाटात ठेवलीस आणि अक्काला भाकरीसुद्धा मिक्सरमधून काढून पाजलीस. ती माणसं विसरायला लागली, तर बुद्धीचं टॉनिक आणलंस. मोठा शहाणा.

काल तुझ्या सृष्टीला गालांवर बोटं ठेवून शेंगदाणे चावायला लावले, गालाचे स्नायू कसे काम करतात ते बोटांना कळावं म्हणून. मग सांगितलं, चावताना मेंदूला रक्त जास्त जातं, आणि ज्यांचं चावणं सुटतं त्यांची आठवण लवकर जाते, असं डॉक्टरांना दिसून आलंय. सात वर्षांच्या पोरीला पाच मिनिटांत समजलं.

गेलेली आठवण परत येईलच असं नाही. पण सकाळी अक्कानं मलाच विचारलं, "तुमी कुनाचं म्हनायचं?" सख्ख्या भावाला. आता थांबत नाही. नवी कवळी बसून ती भाकरी चावेपर्यंत माझ्याकडे मेढ्यालाच राहील. तिच्या बीपीच्या गोळ्या नेल्यात. टॉनिक तूच घे.

सृष्टीनं मघाशी विचारलं, "आबा, ह्ये पप्पांना कळंल का?" म्हटलं, मी लिहून ठेवतो, तू समजावून सांग.

मामा