गळ्यातलं लोहचुंबक

प्रिय धाकटे,

पार्सल उघडण्याआधी हे पत्र वाच. फोन केला असता तर माझा आवाज चढला असता, आणि आई पलीकडेच बसलेली असते.

ती बरी आहे. डोळ्यांना आता नुसता उजेड-अंधार कळतो, तरी दहाच्या ठोक्याला भंगाराच्या दुकानात येऊन बसतेच. दोरीला बांधलेलं लोहचुंबक गळ्यात घालते आणि ढिगातली एकेक वस्तू त्याला लावून बघते. चिकटली की लोखंड, डावीकडे. नाही चिकटली की उजवीकडे. त्यातलं तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम मी निवडते. परवा एकाने पितळी म्हणून आणलेला नळ टक्कन चिकटला, तर आई म्हणाली, अहो, तुमच्या नळाने कबुली दिली बघा!

ते चुंबक माझं. बाबांनी जुन्या स्पीकरमधून दोन काढून आपल्याला एकेक दिलं होतं, आठवतं? तोंडाला तोंड आणलं की ती एकमेकांना ढकलायची. आपण दातओठ खाऊन दाबायचो, मधे काहीच नसायचं, तरी टेकायची नाहीत. तू रडकुंडीला आलीस तेव्हा बाबांनी तुझं उलटं करून दिलं आणि माझं बोट मधे सापडलं. रक्त मला आलं, भोकाड तू पसरलंस. तेव्हापासून मी धरून चालले होते, मला लागलं की तुला दुखतं.

मागच्या महिन्यात बाबांच्या तराजूचं पितळी पारडं चकचकीत करून आणते म्हणून तू नेलंस. परत आणलंस तेव्हा रात्र होती, चुंबक फडताळात होतं; आईने पारडं मांडीवर घेतलं, कडेचा पोचा अंगठ्याने शोधला आणि म्हणाली, पोरीने अगदी जीव ओतलाय. मीही तुझं कौतुक केलं.

रविवारी आई अंघोळीला गेली होती. फडताळ आवरताना पारडं आणि चुंबक एकत्र उचललं, तर टक्. वाटलं, मधे खिळा अडकला असेल. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा टक्. पितळेला चुंबक धरत नाही, हे आपण अक्षरं शिकायच्या आधी शिकलो गं. वरून पितळेचा मुलामा, आत लोखंड. खरं पारडं कुठे आहे तेही कळलं. तुझ्या लेकीने नव्या घराचे फोटो पाठवलेत, त्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलंय. छान दिसतंय. मागितलं असतंस तर मी स्वतः गुंडाळून दिलं असतं. पण आईचा अंगठा कुठे जाणार हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू नेमक्या त्याच जागी पोचा पाडून घेतलास. धाकटे, मला तो पोचा लागलाय.

काल दुकानात आईने पारडं मागितलं. चुंबक तिच्या गळ्यातच होतं. ते पारड्याला टेकण्याआधी, दोरी विरलीय म्हणत मी घाईने ती सोडवली आणि सांगितलं, चुंबक पडलं, फुटलं. आईशी मी असं कधी खोटं बोलले नव्हते. आता ती प्रत्येक वस्तू हातात घेऊन मला विचारते, हे काय आहे गं? पार्सलमध्ये तेच चुंबक आहे. इथे ठेवलं तर एक ना एक दिवस ती ते पारड्याला लावेल, आणि टाकून द्यायला माझा हात होत नाही. आता दोन्ही चुंबकं तुझ्याकडेच राहू देत. आईने विचारलं, तर फुटलं असंच सांग. एवढं तुला जमेल.

अजूनही तुझीच,
ताई