आबांची भाकरी

५ ऑक्टोबर, रविवार
चंद्री विकून दहा दिवस झाले. आबांनी आज एकच भाकरी खाल्ली. म्हैस दारात होती तेव्हा तीन खायचे — मी रोज मोजतोय.
डॉक्टर म्हणाले होते, आबांचे गुडघे झिजलेत, शेणघाण बंद. म्हणून विकायचं मीच ठरवलं. आबांना सांगितलं, फौंड्रीतला माझा पगार घराला पुरतो, आता तुम्ही बसून खायचं. ते बसले. खाणंच सोडलं!

९ ऑक्टोबर, गुरुवार
एक. आई म्हणते, "त्यांच्या म्होरं मोजू नगंस. हाय तेवढी बी सोडतील."

१४ ऑक्टोबर, मंगळवार
अर्धी.
चंद्री पलीकडच्या गल्लीत सयाजीरावांकडे आहे. कामावर जाताना माझी मोटरसायकल त्यांच्या गोठ्यावरून जाते. आतून ती हंबरते. याच गाडीवर मी तिची वैरण आणायचो. मान वळवत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा
म्हशींची मिरवणूक. चंद्रीची शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ. मालकाच्या गाडीमागे म्हैस पळाली पाहिजे, अशी रीत. सयाजीरावांनी नवी गाडी फाडफाड वाजवली. चंद्री ढिम्म. कुणीतरी म्हणालं, "पावणं, म्हशीत पेट्रोल घाला की!"
शेवटी सयाजीरावांनी आबांना पुढं बोलावलं. आबांनी हाक मारली. तिनं कान टवकारले, पण हलली नाही. आबांचा चेहरा बघवेना. त्यांना घरी न्यावं म्हणून मी गाडीला किक मारली — आणि चंद्री उधळली, थेट माझ्याकडे!
मी घाबरलो. तोवर आबा मागे चढून बसले. गुडघे कुठे गेले कोण जाणे. पाठीत गुद्दा घालून म्हणाले, "थांबू नगंस. वैरण आली असं वाटतंय तिला."
नदीपर्यंत गेलो. पुढे आम्ही, मागे चंद्री, तिच्या मागे सयाजीराव ओरडत, "आबा, म्हैस माझी हाय हो!"
तीन भाकऱ्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दोन. सण सरला की पुन्हा एकीवर येणार, ही धास्ती.

२७ ऑक्टोबर, सोमवार
कामावर निघालो तर आबा आधीच गाडीवर, मांडीवर डबा.
"सयाजीच्या गोठ्यावर सोड. शेण काढाय गडी हाय. मी नुसतं खुर्चीत बसून म्हशींवर नजर ठेवायची."
मग माझ्या हातातला डबा उघडून बघितला.
"आन् तू नीट जेव. चंद्री गेल्यापासनं एकाच भाकरीवर हाईस. मी रोज मोजतोय."