रोजचं सुकं

भाट्ये, रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

चि. राजेंद्रास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

कोल्हापूरहून आम्ही सुखरूप पोचलो. फोनवर बोलायचं आपण सोडलं ते बरंच केलं. तू गप्प, मी रडतेय आणि मधल्यामध्ये तेजल हॅलो हॅलो करतेय. पत्रात निदान वाक्य तरी पुरं होतं.

डॉक्टर काय म्हणाले ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल, म्हणून नीट लिहिते. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही बऱ्या निघाल्या. माझी किडनी तुला चालेल. फक्त माझं वजन फार आहे. एवढ्या वजनावर पोटाला सुरी लावायला ते तयार नाहीत. सत्तरच्या आत या, मग पुढचं बोलू, म्हणाले. बायको म्हणून तेजल, तर तिला साखर, लेक सानवी अजून शाळेत, म्हणजे उरले मी. यात विचार करण्यासारखं काही नाही. तुझ्या भावोजींनी तिथल्या तिथे संमती दिली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं तर चिडले.

आहार सांगणाऱ्या बाई तिकडच्याच, कोल्हापूरच्या. बोलायला गोड. मी मासे विकते म्हटल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, मासे खावा की, पण सुके खावा, रश्श्यातले नकोत आणि खोबरं तर अजिबात नको. घ्या! नारळाच्या संशोधन केंद्राच्या कुंपणाला लागून राहायचं आणि खोबरं बंद. म्हटलं ठीक आहे, टोपलीतलं ओलं गिऱ्हाइकाला आणि सुकं मला.

मी ठरवलंय, रोज तेच जेवायचं. आज काय करू, उद्या काय करू असं मनात आलं की माझा हात डब्याकडे जातो, मी मला ओळखते. सकाळी नाचणीची आंबील. दुपारी एक भाकरी, पालेभाजी आणि सुकं. रात्री परत तेच. सुकं म्हणजे आपला खारवलेला बांगडा भाजून, नाहीतर बोंबील. पिंपभर आहेत घरात, आयतं झालं.

लोभ आहेच, तो मागायला नको. तू वेळेवर जेव.

तुझी,
ताई


अलोरे, ता. चिपळूण
४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
राजेंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तेजल आणि सानवीला मोठ्याने वाचून दाखवलं. भावोजी चिडले ते वाचून सानवी फार हसली, कारण तिने त्यांना चिडलेलं कधी पाहिलेलंच नाही.

माझंही रोज तेच आहे. भाजी उकडून तिचं पाणी फेकायचं आणि मग उरलेला चोथा खायचा. पाणी मापून. डाळ नावापुरती. मिठाचा डबा तेजलने माझ्या नजरेआड ठेवलाय. मागच्या आठवड्यात पापडाचा तुकडा तोंडात टाकला तर पाय सुजले, आणि चिपळूणला डायलिसिसच्या सिस्टरने सगळ्यांसमोर माझे कान उपटले. ऑफिसात आता माझा डबा उघडला की माणसं दुसरीकडे बघतात.

तुझं पथ्य वाचलं. नाचणी चांगली. तू एकदा ठरवलंस म्हणजे करणार, त्याबद्दल शंका नाही. पण एक सांगतो, वजन उतरलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. माझी काही तक्रार नाही. जे होईल ते होईल.

भावोजींच्या बोटीच्या इंजिनाचं काम झालं का? त्यांना माझा नमस्कार, आणि तुझी माया अशीच राहो असं लिहायची मला तरी गरज वाटत नाही.

तुझा,
राजा


भाट्ये
२१ मार्च २०२५

चि. राजेंद्रास,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या त्या 'जे होईल ते होईल'ला एक चापट.

वजन उतरतंय बरं का! झंपर सगळे सैल झाले. बाजारात बायका विचारतात, शालन, तुला दुसरं लग्न करायचंय की काय. मी सांगते, हो, पोरगा बघा. खरं कारण कोणाला सांगत नाही. सांगितलं की तोंडं पाडतात आणि मग भाव करायला लाजतात.

पण कंटाळा येतो रे. शिमग्याला पालखी घरी आली, मी पुरण शिजवलं, पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढल्या आणि आत जाऊन माझी भाकरी-सुकं घेऊन बसले. आयुष्यभर सुरमईचे तुकडे करून दिले लोकांना, कधी वास जाणवला नाही. आता टोपलीचं फडकं काढलं की तोंडाला पाणी सुटतं. मी जेवत होते तर तुझे भावोजी पुरणपोळीचं ताट ठेवून माझ्यासमोर येऊन बसले आणि मला पण तेच दे म्हणाले. तेव्हापासून घरी असले की तेही माझंच जेवतात. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुपारी डोकं फार दुखतं हल्ली. कानात घूं घूं होतं. उन्हाचं असेल, टोपली घेऊन फिरायचं म्हणजे. थोडेच दिवस राहिलेत. तू तेवढा धीर धर.

सानवीला गालगुच्चा, तेजलला माझी आठवण.

तुझी,
ताई


अलोरे
२७ एप्रिल २०२५

ती. वन्संना,
तेजलचा वाकून नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. ह्यांच्या हातावरची डायलिसिसची नस बंद पडली. आता गळ्यात नळी घातलीय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असं फार महिने चालणार नाही, दाता तयार असेल तर उशीर करू नका.

हे तर काहीच बोलत नाहीत. तुमची पत्रं मात्र पुन्हापुन्हा काढून वाचतात. आम्हाला वाचून दाखवतात तेव्हा दरवेळी मध्येच एका ठिकाणी थांबतात, कागद खाली ठेवतात आणि पुढचं भलत्याच ठिकाणाहून सुरू करतात. मला वाटतं, गळा भरून येतो.

तुम्ही कोल्हापूरला कधी जाणार, हे विचारायला मला लाज वाटते. तुमच्या अंगातलं काढून मागतेय मी. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. रागावू नका, आणि आजवर जसं धाकटीला समजून घेतलंत तसंच घ्या.

आपली,
तेजल


भाट्ये
१० मे २०२५

चि. राजेंद्रास,
आशीर्वाद. ते रागातही द्यायचे असतात म्हणून देते.

काल कोल्हापूरला गेले होते. काट्यावर उभी राहिले तर सत्तरच्या आत. डॉक्टर हसले, मी हसले. मग त्यांनी दंडाला पट्टा बांधून दाब बघितला. परत बघितला. दुसऱ्या दंडाचा बघितला. मग त्यांचं हसू गेलं. रक्तदाब एवढा वाढलाय की असं असताना माझी किडनी काढणार नाहीत, असं म्हणाले. पूर्वी नव्हता, मग आता कशाने, म्हणून मला त्या आहाराच्या बाईंकडे धाडलं.

त्यांनी विचारलं काय खाता. मी अभिमानाने सांगितलं, तुम्ही सांगितलंत तसं, रोज सुकं. त्या म्हणाल्या, छान, तेल किती घालता? मला कळेना. पिशवीत माझा डबा होता, त्यातला भाजलेला खारा बांगडा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्या बघतच राहिल्या. त्यांच्याकडे सुकं म्हणजे रस्सा न करता कोरडं परतलेलं. ताजा मासा कोरडा परतून खा, असं त्या सांगत होत्या. मी इतके महिने दोन्ही वेळा मीठ खात होते. बिचाऱ्यांचे डोळे भरले. चूक माझी, मी विचारायला हवं होतं, म्हणाल्या. मीच त्यांची समजूत घातली. त्या तिकडच्या, मी इकडची, कोणाची चूक म्हणायची?

पण निघताना त्यांनी सहज विचारलं की तुमचे भाऊ तर डायलिसिसवर आहेत, मिठाचं त्यांना सगळं ठाऊक असतं, तुम्ही काय खाता ते त्यांना कधी बोलला नाहीत का?

बोलले होते. पहिल्याच पत्रात. परतताना आंबा घाट उतरेपर्यंत मी तुझी बाजू घेत होते. म्हटलं आजारी माणूस, लक्ष गेलं नसेल. पण ज्या पत्रात तू पापडाच्या तुकड्याचं रडगाणं लिहिलंस, त्याच पत्रात माझ्या बांगड्याबद्दल अवाक्षर नाही. नाचणी चांगली, एवढंच. आणि तेजल लिहिते की माझं पत्र वाचताना तू एका ठिकाणी थांबतोस. कुठे थांबतोस, राजा?

सुकं म्हणजे काय ते त्या बाईंना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

मला सरळ उत्तर हवंय.

ताई


अलोरे
१६ मे २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

हो. मला कळलं होतं.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच संध्याकाळी लिहायला बसलो होतो, की ताई, खारं खाऊ नकोस, दाब वाढेल. मग मनात आलं, नाही लिहिलं तर? दाब वाढेल, डॉक्टर तुला परत पाठवतील, आणि मला तुला नको म्हणावं लागणार नाही. मी तोंडावर नको म्हटलं असतं तर तू ऐकणारी होतीस का? तू धडधाकट आहेस. डोक्यावर टोपली घेऊन अर्धं रत्नागिरी फिरतेस. माझ्यापायी तुझं पोट फाडायचं, हे मला बघवणार नव्हतं.

तपासणीपुरता वाढेल, मग ती सुकं सोडेल आणि सगळं पूर्वीसारखं होईल, असं मी स्वतःला समजावलं. तुझं डोकं दुखतं हे तू लिहिलंस, तेव्हा ते पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि तरीही गप्प बसलो. त्याला काय म्हणायचं ते तूच ठरव. मी क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही.

तेजलला काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण वेळेवर वाढते.

आता हे सगळं सोड, ताई. औषध घे, नीट जेव. माझं मी बघतो.

राजा


भाट्ये
१३ जुलै २०२५

चि. राजेंद्रास,
अनेक आशीर्वाद.

दोन महिने तुला लिहिलं नाही, कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. तुझं पत्र वाचून आधी रडले, मग इतकी संतापले की दोन दिवस मलाच जेवण गेलं नाही. तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते उठले आणि पिंपातलं सगळं सुकं शेजारीपाजारी वाटून आले.

त्या दिवसापासून पुन्हा रोज तेच चाललंय, पण अळणी. भाकरी, मूग, पालेभाजी. आता मासेमारी बंद म्हणून तुझे भावोजी घरीच आहेत, तेही अळणी जेवतात आणि वर चांगलं झालंय म्हणतात. डोकं दुखायचं थांबलं. परवा कोल्हापूरला जाऊन आलो. दाब पूर्वीसारखा झालाय, बाकीच्या तपासण्याही परत करून घेतल्या, सगळं नीट आहे. डॉक्टरांनी मला होकार दिलाय. आता फक्त सोबतच्या संमतीच्या कागदावर तुझी सही हवी.

मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि रागावूनच येणार आहे. मला मीठ चारलंस त्याचं एवढं नाही लागलं. माझ्या अंगाचं काय करायचं ते तू मला न विचारता ठरवलंस, ते लागलं. उन्हातून येऊन ती भाकरी खाताना प्रत्येक घासाला मला वाटायचं, राजाकडे एक पाऊल जवळ गेले. आणि तुला ठाऊक होतं की मी लांब जातेय.

तुला माझी किडनी नको असेल तर नको म्हण. मी ऐकेन, शपथ घेऊन सांगते, परत विषय काढणार नाही. पण तोंडाने म्हण. पुन्हा गप्प बसून मला मारू नकोस.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
ताई


अलोरे
१८ जुलै २०२५

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या काळजीने मी गप्प राहिलो असं तुला लिहिलं होतं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मरायला आपण तयार आहोत याचा मला आतून थोडा गर्वच होता. मरायला कोणाकडून काही घ्यावं लागत नाही. घ्यायची वेळ आली की मला कापरं भरतं. लहानपणापासून तू देत आलीस आणि मी मान खाली घालून घेत आलो, आता हेही घ्यायचं म्हणजे तुझ्यासमोर कसं उभं राहायचं, हे मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

तोंडाने म्हण, असं तू लिहिलंस. काल तेजल आणि सानवी बाहेर गेल्या होत्या, तेव्हा दार लावून मी म्हणून पाहिलं. ताई, मला नको, असं मोठ्याने म्हटलं. आणि मग खाली बसून लहान पोरासारखा रडलो, तेजल परत येईपर्यंत.

आज सही केली.

ताई, मला जगायचंय गो. तू ये.

तुझा,
राजा