चौथा प्रसंग

धर्मादादा,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

मेंदूवरच्या आमच्या संशोधनासाठी तुझ्याकडून माझ्या लहानपणीचे चार प्रसंग मागवले होते. तीन खरे, एक तू मनाने रचलेला. खोटा प्रसंगही माणसाला खरा म्हणून आठवतो का, ते आम्ही तपासतो. पहिली चाचणी स्वतःवरच घेतो.

चौथा वाचून मला तुझा रागच आला. खाडीवर आपल्या बहिणीचा, बायजाचा हात मी सोडला म्हणे! ती एकटीच घसरून बुडाली, हे अख्ख्या घणसोली गावाला ठाऊक आहे. मी बेधडक 'खोटा' लिहिलं.

मग कुठला प्रसंग खोटा ते सांगणारं तुझं बंद पाकीट फोडलं. "वनू, खोटं लिवायला जमलं नाय. चारी खरं हायत. तुला म्हाईतच हाय."

म्हणजे चाळीस वर्षं तुला वाटलं, मी जाणूनबुजून गप्प आहे?

कालपासून तिचा चिखलाने बुळबुळीत झालेला हात माझ्या मुठीत जाणवतोय. तो आठवला, की तुझं वाचून माझ्या मेंदूने आता तयार केला? वीस वर्षं हेच शिकवते, पण मला सांगता येत नाही. तू पाहिलं असणार; तू सांगू शकशील.

म्हणूनच विचारायची भीती वाटते, दादा. हात निसटला होता, की मी झटकला होता?

तुझी,
वनिता