हेप्झिबामावशी जत्रेचं सामान ठरली, त्याची हकिकत

जत्रेचं मैदान, ब्रिडलिंग्टन
रविवार, घोड्यांचं चक्र सुरू व्हायच्या आधी

प्रिय अँब्रोजदादास,

धाकट्या मावसबहिणीचा नमस्कार. नेहमी करते त्यापेक्षा आज जरा जास्तच वाकून, कारण तू रागावला असशील हे मला ठाऊक आहे. तुझी कंबर कशी आहे? वेरिटीवहिनींचा खोकला थांबला का? (मध आणि आलं घ्यायला सांग. डॉक्टरांकडे जाऊन त्या फक्त दुसऱ्यांचे खोकले घेऊन येतात.) आम्ही इकडे मजेत आहोत. समुद्राचा वारा असा आहे की घोडे न चालवताच फिरतील.

आता शुक्रवारबद्दल. वहिनींनी मटण भाजलं होतं, तू दारात उभा होतास, आणि स्कारबराला ना गाडी आली, ना तुझी आई. "उशीर होईल" एवढंच मी फोनवर म्हणाले आणि तू पुढचं विचारायच्या आत फोन ठेवला. फोन बंद पडला असं मी चक्रावरच्या ट्रेव्हरकडून तुला कळवलं ते खोटं होतं. पण जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. ते बसून, चहा पुढ्यात घेऊन वाचायचं आहे. तर चहा घे.

मावशी हिवाळ्यात गाडीघराच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिने आता पक्क्या विटांच्या घरात राहावं असं तू ठरवलंस, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, मावशी काहीच बोलली नाही. (तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं तूच म्हणालास. तू तिचा मुलगा असून असं म्हणालास, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.) माझी लॉरी घोड्यांचं चक्र घेऊन डॉनकास्टरहून इकडे यायचीच होती. म्हटलं, वेगळी गाडी कशाला, मावशीचं सामान घोड्यांच्या मधल्या फटीत बसेल, आधी स्कारबराला तिला उतरवू, मग मागे फिरून मैदान गाठू. कपाट बसलं, गॅसची शेगडी बसली, गादी दोन घोड्यांभोवती गुंडाळली, आणि ती खुर्ची, जिच्या बैठकीखाली भांडं आणि वर झाकण आहे आणि जिचं नाव मावशीसमोर घ्यायचं नसतं, ती सगळ्यात शेवटी दाराशी. मावशी पुढे माझ्या शेजारी, टोपी घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून. ड्रिफील्डपर्यंत एक शब्द नाही.

ड्रिफील्डच्या अलीकडे रस्त्याकडेला मोठ्या गाड्या अडवून तपासणी चालली होती. मला काळजी नव्हती. तू आयुष्यभर लांब पल्ल्याच्या लॉऱ्या चालवल्यास, तुला त्या टॅकोग्राफचं ओझं माहीत आहे: किती वेळ चालवलं, कधी थांबलो, सगळं ते यंत्र टिपणार, आणि आपलं कार्ड घातल्याशिवाय चाक हलवायचं नाही. आम्हां जत्रेवाल्यांना त्यातून सूट. जत्रेचं सामान नेणारी खास गाडी, बस्स. म्हणून मी कार्ड काढलंच नाही कधी. माझ्या पुढे दुधाचा टँकर उभा होता, त्यालाही शेतावरचं दूध गोळा करतो म्हणून सूट, तो हात हलवून निघून गेला. मीही खिडकी खाली करून हसले.

तपासणीला एक तरुण बाई होती, मिस ऑसगर्बी. पिवळं जाकीट, नाक लाल, आवाज अगदी नम्र. तिने मागचं दार उघडायला सांगितलं. मी उघडलं. ती घोड्यांकडे बघून खूश झाली (सगळेच होतात), मग तिची नजर कपाटावर गेली.

"हे काय?"

"कपाट," मी म्हणाले. दादा, मला दुसरं काही सुचलंच नाही.

मग तिने समजावून सांगितलं, आणि वाईट हे की तिचं म्हणणं बरोबर होतं. सूट गाडीला नुसती गाडी म्हणून मिळत नाही, त्या फेरीत ती काय नेते आहे त्यावर मिळते. घोडे नेत असेल तर जत्रा. एखाद्या बाईचा संसार हलवत असेल तर ते घरसामान, आणि मग यंत्र चालू हवं, कार्ड हवं. कार्ड नसेल तर गाडी इथेच उभी, कार्डवाला चालक येईपर्यंत. संध्याकाळी मैदानात घोडे उभे राहिले नसते तर आमची मधली जागा रिकामी. बाहुल्या बक्षीस देणारा नेमबाजीवाला वर्षानुवर्षं त्या जागेवर डोळा ठेवून आहे, हे तुला मी सांगायला नको.

मी मावशीला म्हणाले, अँब्रोजला बोलावते, त्याच्याकडे कार्ड आहे, अर्ध्या तासात येईल. तेव्हा ती दिवसभरात पहिल्यांदा बोलली.

"खबरदार. पोराच्या दारात मी पोलिसांनी पकडून आणल्यासारखी जाणार नाही. मला खाली उतरव."

खाली उतरली. काठी टेकत मागे आली. टोपी सरळ केली आणि मिस ऑसगर्बीला म्हणाली, "पोरी, घरसामान म्हणतेस कशाला? मी भविष्य सांगते. हा माझा तंबू आहे."

मी घोड्याचा पाय धरून उभी राहिले. तिने तंबू लावून किती वर्षं झाली तुला ठाऊक आहे. तुझे बाबा गेल्यापासून तिने कुणाचा हात हातात धरला नव्हता. पण ती अशी बोलली की क्षणभर मलाही वाटलं, हो की, तंबूच आहे.

मिस ऑसगर्बी घाईत नव्हती. एकेक वस्तू विचारत गेली.

"कपाट?"

"झगे, शाली. नुसत्या टोपीतल्या बाईकडून भविष्य कोण विकत घेईल?"

"शेगडी?"

"चहाची पानं वाचायची तर आधी चहा करावा लागतो ना गं. पाणी काय मी मंत्राने उकळू?"

"गादी?"

इथे मावशी अडखळली, आणि मी (माझीही थोडी अक्कल आहे) पुढे होऊन म्हणाले की गादी घोड्यांना गुंडाळलीय, रंग खरवडू नये म्हणून. हे खरंही होतं. मिस ऑसगर्बीने दोरी हलवून पाहिली आणि मान डोलावली. मग ती त्या खुर्चीपाशी आली. मावशीचा चेहरा गाजरासारखा लाल झाला, पण तिने पर्समधून लाल रुमाल काढला, खुर्चीवर टाकला आणि राणीसारखी बसली. तिथेच, लॉरीच्या मागच्या फळीवर, जाणाऱ्या येणाऱ्या गाड्यांसमोर.

"ही माझी गादी. इथे बसूनच सांगते."

"पण हिला झाकण कशाला?"

"नशीब उडून जाऊ नये म्हणून," मावशी म्हणाली.

मिस ऑसगर्बीने वरच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ "हो सर, नाही सर, खुर्ची सर" चाललं. मग ती परत येऊन म्हणाली, साहेब म्हणतात, जे खेळाच्या कामाला येतं ते जत्रेचं सामान, जे येत नाही ते घरसामान. "तर बाई, करून दाखवा."

दादा, मला त्या वेळी तू तिथे हवा होतास. मावशीने तिचा हात घेतला. पडल्यापासून मावशीचे हात कसे थरथरतात, चहाचा कप बशीत कसा वाजतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यावरूनच तर तू खोली तयार केलीस. ते हात स्थिर होते. तिने तळवा उलटा केला, सुलटा केला आणि हळू आवाजात म्हणाली, "जेवली नाहीस. वरचे लोक सारखे विचारतात, तू उत्तरं देतेस, आणि तुला कुणी विचारत नाही. तुझ्या मनात आहे ते तू आईला सांगितलेलं नाहीस. सांग. ती रागावणार नाही, तिने ओळखलंय."

(रस्त्यावर उभ्या पोरीला भूक लागलेली असणार आणि साहेब त्रास देत असणार, हे तर मीही सांगितलं असतं. पण आईचं कुठून आलं?)  मिस ऑसगर्बीने हातमोजा घातला, काढला, परत घातला. रांगेतला एक लॉरीवाला खाली उतरून येऊन म्हणाला, "आजी, माझा पण बघता का?" त्याच्या मागे आणखी दोघं.

शेवटी मिस ऑसगर्बीने आम्हाला सोडलं, पण एका अटीवर. ती म्हणाली, आत्ता तुमच्या शब्दावर सोडते आहे. उद्या शनिवारी मी सुट्टीवर आहे, ब्रिडलिंग्टनला येईन, तंबू दिसला पाहिजे. नाही दिसला तर हा सगळा संसार होता असं मी लिहून देणार.

आता तूच सांग, त्यानंतर मी गाडी स्कारबराकडे कशी नेणार होते? तंबू मैदानावर हवा, तंबूत मावशी हवी, मावशीखाली ती खुर्ची हवी. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मावशी, आता काय करायचं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काय म्हणजे? माझ्या तंबूचा लाल पडदा कुठे ठेवलायस?"

काल शनिवारी मिस ऑसगर्बी आली. पिवळं जाकीट नव्हतं म्हणून मी आधी ओळखलंच नाही. बरोबर तिची आई होती. दोघी आळीपाळीने तंबूत गेल्या आणि दोघीही डोळे पुसत बाहेर आल्या, हसतही होत्या. रांग घोड्यांच्या रांगेपेक्षा लांब. संध्याकाळी मावशीने दोन प्लेट मासे नि चिप्स खाल्ल्या आणि मला सांगितलं की नेमबाजीवाल्याचं भविष्य वाईट आहे, पण त्याला आत्ता नको सांगूस.

तर दादा, रागावू नकोस. ती तुझ्या घराला नाही म्हणत नाहीये. ती अजून कामावर आहे, एवढंच. वहिनींना नमस्कार आणि मटणाबद्दल मनापासून माफी.

तुझी बहीण,
डल्सी

ता. क. नोव्हेंबरात जत्रा बंद झाली की मावशी तुझ्याकडे यायचं म्हणते. पण तेव्हा तंबू बंद, म्हणजे कपाट पुन्हा कपाट, शेगडी पुन्हा शेगडी, आणि माझी सूट गेली. कार्डवाला माणूस आपल्या घरात एकच आहे. मला खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायचं होतं. लॉरी चालवायला येशील ना? कंबरेला उशी मी देईन.

ता. क. २. उशी मावशीच्या त्या खुर्चीची नाही. शप्पथ.

ता. क. ३ (हे मी लिहिते आहे, तुझी आई. डल्सी शेंगदाणे आणायला गेली आहे.) अँब्रोज, तिने इथलं कौतुक फार केलंय, वारा इथे हाडं गोठवतो आणि तंबूत मला तुझी आठवण येते. नोव्हेंबरापर्यंत थांबवत नाही, पुढच्या रविवारी ये, पण लॉरी नको, तुझी साधी गाडी आण. मी एका दिवसासाठी जेवायला येणार आहे, सामान कुठलंही आणणार नाही, आणि परत तूच सोडायचंस. आणि त्या खोलीत गालिचा घातला आहेस असं कळलं. काढ. खाली लाकूड असलं म्हणजे काठी आपटून तुला हाक मारता येते.