मीटरवरचं शून्य

प्रिय भिंगरी,

तुझ्या अक्षराला मी कोंबडीचे पाय म्हणायची, आता माझं बघ. फोनवर तू जावईबापूंची बाजू घेतेस, माझं डोकं फिरतं आणि बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. वसतिगृह सोडून येत्या रविवारी तू त्यांच्या घरी परत जाणार आहेस म्हणे. हल्ली ते गोड बोलतात, एकदाही आवाज चढवला नाही, असं सांगत होतीस.

दुकान बरं चाललंय. मामा वीज तपासायच्या नव्या मीटरला मलाही हात लावू देत नाही. पंपाच्या विजेच्या पेटीचा विषय तो काढू देत नाही, पण तू तेव्हा दारातच उभी होतीस. मीटरवर शून्य दिसलं आणि त्यानं बिनधास्त आत हात घातला. वीज गेलेली नव्हती. मीटरची लाल वायर वरून धडधाकट, आतून तुटलेली होती. त्याची मूठ पेटीतल्या तांब्याच्या पट्टीवर आवळली गेली, तोंडातून आवाज फुटेना, मांस जळल्याचा वास आला. मी लाकडी स्टूल उचललं आणि त्याच्या कोपरावर घातलं. हाड मोडलं तेव्हा कुठे हात सुटला. दोन बोटं गेली, भाऊ राहिला. तेव्हापासून आपल्याकडे मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या पेटीवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. त्याशिवाय शून्य खरं की मीटरच मेलेला, ते कळत नाही. हे तू घरभर उड्या मारत म्हणायचीस.

परवा जावईबापू दुकानात आले. इतके मऊ बोलले की माझंही मन विरघळायला लागलं. तू गेल्यापासून कुणावर हात उगारला नाही, म्हणाले. मग माझ्या डोक्यात आलं, तू समोरच नाहीस तर उगारणार कुणावर? म्हणून मी मुद्दाम चालू तारेला हात लावला. भिंगरी येणार नाही, तिला नोकरी लागलीय आणि ती तुम्हाला विचारून घेतलेली नाही, असं ठोकून दिलं. बाकावरचा मोठा पाना त्यानं उचलला आणि माझ्या हातावर घातला. मी खाली पडले तरी पुन्हा घातला. यापुढे मी त्याला अहोजाहो करणार नाही. पाना परत वर गेला तेव्हा मामानं तेच स्टूल उचललं. जावयाचा एक दात मामाला काल दुकान झाडताना सापडला. पण मला भीती वाटली ती नंतर. तोंडातलं रक्त पुसत त्यानं माझा चष्मा उचलून दिला आणि म्हणाला, आई, फार लागलं नाही ना? आवाज पुन्हा तसाच मऊ.

उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर आहे, हे सगळं डाव्या हातानं लिहिलंय. तक्रार नोंदवून झाली. यातलं त्यानं तुला काही सांगितलं नसेल, काल फोनवर गोडच बोलला असेल. मी लावून बघितलंय, पोरी. पेटीत वीज आहे. तू हात घालू नकोस.

तुझीच,
दुकानवाली आई