आजीची लाळ

४ मार्च
आज रुजू झाले. खोली उजेडाची, मशीन कोरं करकरीत. काम तसं सोपं. म्हाताऱ्या माकडांना भूल दिली की त्यांना मशीनमध्ये सरकवायचं आणि मेंदूचे फोटो काढायचे. वय वाढतं तशा नसा कशा झिजतात, ते इथल्या मुख्य संशोधक मॅडमना बघायचंय. ताईला फोन केला तर म्हणाली, घरातली माकडं फुकट सांभाळलीस, आता पगारी सांभाळ! पोट दुखेस्तोवर हसलो. पिंजऱ्यांचं बघणाऱ्या मामांनी सगळ्यांत थोरल्या माकडिणीची ओळख करून दिली. तिला इथे सगळे आजीच म्हणतात.

११ मार्च
आजीचा पहिला स्कॅन. शी! भूल चढताच तोंडातून पिवळट, तार सुटलेली लाळ. कुजक्या बटाट्यांचा वास. तिचं डोकं नीट बसवताना ती लाळ माझ्या फाटक्या हातमोज्यातून आत शिरली, नेमकी कापलेल्या बोटावर. घासघासून धुतलं. फोटोत तिचा मेंदू सुकल्या अक्रोडासारखा, नसा पार विरलेल्या. मॅडमनी तिला त्यांचं नवं औषध टोचलं.

२ एप्रिल
आजीच्या नसा भरून आल्यात! मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. मला मात्र घास उतरत नाही. तो वास आता माझ्या केसांना येतो, उशीला येतो. बोटातून पिवळं पाणी गळतं. मामा म्हणाले, आधीची पोरगीही अशीच हात हुंगत बसायची. ती कुठे गेली, ते सांगेनात.

९ एप्रिल
पाव चावताना दाढ निघून आली. दुखलं नाही. रक्त नाही, नुसता लगदा. ताई फोनवर म्हणाली, जीभ का अडखळतेय तुझी? मी म्हटलं, उद्याच घरी येते.

१० एप्रिल
मॅडमनी जाऊ दिलं नाही. संसर्ग असेल म्हणाल्या. मलाच मशीनमध्ये सरकवलं. पडद्यावर अक्रोड — तो माझा. मॅडम खूश होत्या.

बहुतेक १४
दार बाहेरून बंद. कातडी दुधावरच्या सायीसारखी सुटते — बोटांना चिकटते — शी. काचेपलीकडे आजी उड्या मारतेय, तुकतुकीत. मामा केळं कुस्करून ठेवतात. माझ्याकडे बघत नाहीत.

तारीख —
ताई आली! काचेबाहेर. मॅडम तिला सांगतायत, तुमची बहीण केव्हाच काम सोडून गेली. मी हाक मारली — नुसती लाळ — काच बडवली. ताईने नाकाला रुमाल लावला. या म्हाताऱ्या बाई कोण, विचारलं. मॅडम म्हणाल्या, माझी आई, भ्रम झालाय.

ताईने मला नमस्कार केला.

वळली — ताई, अगं मी — ताई, मी